मोहफुलांच्या दिवसांत मतदानाचं गाणं

एप्रिलमध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड तालुक्यातली पहाट मोहाच्या झाडाखाली उगवते. रात्रभर गळलेली फुलं ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. बाया, पोरं, म्हातारी माणसं, सगळं घर टोपल्या घेऊन झाडाखाली असतं. हाताशी आलेली तरुण पोरं-पोरी मात्र या दिवसांत गावात कमीच. त्यांचे जथे मिरची तोडायला तेलंगणात गेलेले असतात, आणि परत येतात ते तेंदूपत्त्याच्या हंगामाला. 2024 ची लोकसभा निवडणूक गडचिरोली-चिमूर मतदारसंघात पहिल्याच टप्प्यात, 19 एप्रिलला लागली. भामरागड अहेरी विधानसभा क्षेत्रात मोडतं, आणि तिथं सुरक्षेपायी मतदानाची वेळ सकाळी 7 ते दुपारी 3. त्याच मतदारसंघातल्या ब्रह्मपुरी आणि चिमूरला संध्याकाळी 6 पर्यंत. जिथं केंद्रावर पोचायला जंगलातून चालत यावं लागतं, तिथंच वेळ सगळ्यात कमी.

अशा वेळी तरुणांना मतदानाला आणायचं काम आमच्या पथकाकडे आलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मतदार जागृतीच्या पथकात माझं नाव घातलं गेलं ते मी पेटी वाजवते म्हणून. माझे वडील झाडीपट्टीच्या नाटकांत पेटीवर बसायचे. दिवाळीनंतर धानकापणी आटोपली की वडसा-ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात गावोगावी मंडप पडतात, दिवसा बैलांच्या शर्यतीचा शंकरपट आणि रात्री नाटक, ते पार उजाडेपर्यंत. गाण्यानं माणूस कसा बांधून ठेवता येतो हे मी त्या मंडपात, वडिलांच्या मागं बसून पाहिलं होतं. त्यामुळे हे काम मला सक्तीचं वाटलं नाही. मनापासून हवंसं वाटलं.

वरून आलेलं साहित्य भरपूर होतं. फलक, मतदानाची शपथ, रांगोळी स्पर्धेचं परिपत्रक, मानवी साखळीच्या सूचना आणि गाणी. त्यात ‘मैं भारत हूं’ हे गाणंही होतं. 25 जानेवारी 2023 च्या राष्ट्रीय मतदार दिनाला निवडणूक आयोगानं ते सुभाष घई यांच्या संस्थेबरोबर तयार केलं होतं. मोठमोठे कलावंत त्यात दिसतात, आणि एका हिंदी गाण्यावर न थांबता देशातल्या अनेक भाषांत ते गेलं, ही मला त्यातली खरी चांगली गोष्ट वाटते. पण त्या भाषांत माडिया, म्हणजे इथल्या पोरांची गोंडी बोली, नव्हती. गाणं सुरू झालं तशी पोरं शिस्तीत बसून राहिली. पाहुणा बोलायला लागला की बसतात तशी. गाणं संपलं, टाळ्या वाजल्या. त्याच संध्याकाळी तीच पोरं एका मोबाइलवर गोंडी डीजे लावून धूळ उडेपर्यंत नाचली.

ही गोंडी डीजे गाणी म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. रेला या हातात हात धरून नाचायच्या गाण्याची जुनी चाल, तिच्याखाली ढोलाऐवजी संगणकावर बसवलेला ठेका, आणि गाणारं कोणीतरी इंद्रावतीच्या अलीकडचं किंवा पलीकडचं, बस्तरचं. लग्नात, बाजारात, ट्रॅक्टरवर तीच वाजतात. जिथं रेंज नाही तिथंही ती पोचतात, कारण त्यांना रेंज लागत नाही. आठवडी बाजारात मेमरी कार्डात गाणी भरून देणारे बसतात. एकानं भरून घेतली की ब्लूटूथवरून किंवा कार्डाकार्डानं ती गावभर होतात. छत्तीसगडमध्ये शुभ्रांशु चौधरी यांच्या सीजीनेट स्वरा या उपक्रमानं याच रीतीचा उपयोग करून गोंडीतून बातम्या पोचवल्या होत्या. लोक फोन करून आपल्या भाषेत बातमी सांगायचे, आणि ती मोबाइलवरून मोबाइलवर जायची. तिला ‘बुल्टू रेडियो’ म्हणत, ब्लूटूथचं ते तिकडचं नाव. नदीपलीकडे जे चाललं ते अलीकडे का चालू नये, असं मी पथकाच्या बैठकीत मांडलं. आमच्या अधिकाऱ्यांनी ते मानलं, फक्त एक अट घातली: गाण्यात कुठला पक्ष, चिन्ह, रंग किंवा उमेदवार यांची सावलीही पडता कामा नये. अट योग्यच होती.

गाणं पोरांनीच करायचं ठरलं. महाविद्यालयात जाणारी काही मुलं आणि आश्रमशाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुली अशी मंडळी जमली. चाल बांधायला त्यांना वेळ लागला नाही. रेलाची चाल त्यांच्या पायातच असते. अडलं ते शब्दांपाशी. गाण्यात काय सांगायचं असं विचारलं, तेव्हा एक मुलगी सरळ म्हणाली, “मॅडम, मी त दिवाळीलाच अठराची झाली. पण माझं नाव त यादीत नाही. मंग मी हे गाणं कोणासाठी म्हणू?”

तिच्या मागोमाग आणखी दोघा-तिघांनी तेच सांगितलं. मी तहसीलमध्ये विचारायला गेले आणि तारखांचा हिशेब समजून घेतला. 16 मार्च 2024 ला निवडणूक जाहीर झाली. आमच्या टप्प्यात उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख 27 मार्च. मतदार यादीत नवं नाव घालायचा अर्ज त्याच्या दहा दिवस आधीपर्यंतच घेतात. म्हणजे निवडणूक जाहीर झाल्याची बातमी कानावर येते न येते, तोच नव्या मतदाराचं दार लागलेलं असतं. आणि मतदार जागृतीचा सगळा जोर, फलक, फेऱ्या, गाणी, पथनाट्यं, हा त्यानंतरच्या महिनाभरातला. ज्या तरुणांना उद्देशून हे सगळं चालतं, त्यातल्या ज्यांचं नाव यादीत नाही त्यांच्यासाठी ते उशिरा आलेलं असतं. हा दोष कुठल्या एका कार्यालयाचा नाही, तारखा देशभर अशाच ठरतात. पण जागृतीचं वेळापत्रक आखणाऱ्यांनी या तारखा समोर ठेवूनच आखणी करायला हवी, हे मी तेव्हापासून प्रत्येक बैठकीत बोलत आले आहे.

गाणं आणि नोंदणी यांची सांगड घातल्याचं एक उदाहरण आहे. अमेरिकेत 1990 साली संगीत व्यवसायातल्या लोकांनी ‘रॉक द व्होट’ नावाची मोहीम काढली. एमटीव्ही वाहिनीवर मोठमोठे गायक तरुणांना मतदान करा म्हणून सांगत. तिच्याबद्दल आपल्याकडे बोललं जातं ते गायकांच्या नावांसाठी. पण त्या मोहिमेनं गाण्याच्या बरोबरीनं नोंदणीचं काम हातात घेतलं होतं. मैफिलीच्या जागी नोंदणीचे अर्ज भरून घेतले जायचे, आणि वाहन परवान्याच्या कार्यालयातच मतदार नोंदणी व्हावी या 1993 च्या कायद्यासाठी तिनं जोर लावला होता. गाणं ऐकून उठलेल्या पोराच्या हातात तिथल्या तिथं अर्ज पडला पाहिजे. त्या मोहिमेच्या लोकांना ते कळलं होतं.

यादीत नाव नसलेल्या त्या मुलीला मी एवढंच म्हटलं, “या खेपेला तू आजीसाठी म्हण. पुढच्या खेपेला तुझ्यासाठी.” ती हो म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला तो मला दिसला.

मग आम्ही शब्दांना हात घातला. मुलांना मी एवढंच विचारलं, गावात लोक तुम्हाला मतदानाबद्दल काय विचारतात? उत्तरं भराभर आली. केंद्र मागच्या खेपेसारखं दुसऱ्या गावी नेलं आहे का? ओळखपत्र पुरात गेलं, आता काय दाखवायचं? यंत्राला कळतं का कोणी कोणाला मत दिलं? आधी मोह वेचून मग गेलं तर चालेल का? बोटाची शाई किती दिवस राहते? लोकशाही, कर्तव्य, उत्सव, असले शब्द एकाच्याही तोंडी आले नाहीत, आणि म्हणून गाण्यातही आले नाहीत. गाणं झालं ते या प्रश्नांच्या उत्तरांचं. एका कडव्यात ओळखपत्र नसलं तर रोजगार हमीचं जॉब कार्ड चालतं, आधार चालतं. एका कडव्यात बटण दाबल्यावर काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि आपोआप पेटीत पडते, ती बाहेर कोणाच्या हाती लागत नाही. एका कडव्यात दुपारी 3 ची वेळ, आणि 3 वाजता जो रांगेत उभा आहे त्याला परत पाठवत नाहीत. आणि मोहाचं कडवं मुलींनी रचलं. पहाटे वेचा, टोपली घरी ठेवा, फुलं वाळत घाला आणि निघा, असा त्यात सगळा दिवसच मांडला होता. ते कडवं सगळ्यात जास्त गाजलं. म्हाताऱ्या बाया ते ऐकून हसायच्या आणि पुन्हा लावायला सांगायच्या.

तारखेची ओळ मुलांनी मुद्दाम वेगळी ध्वनिमुद्रित केली. पुढच्या निवडणुकीला तेवढीच बदलता यावी म्हणून. ही कल्पना त्यांची, आणि ती ऐकून मला त्यांचा फार अभिमान वाटला. आपण एका दिवसाच्या कार्यक्रमासाठी राबतो आहोत असं त्यांना वाटत नव्हतं, याची ती खूण होती.

शाईचा प्रश्न मात्र साधा नव्हता. या भागात कित्येक निवडणुकांना माओवाद्यांची बहिष्काराची पत्रकं आणि बॅनर लागलेले लोकांनी पाहिले आहेत. 11 एप्रिल 2019 ला, लोकसभेच्या मतदानादिवशीच, शेजारच्या एटापल्ली तालुक्यात वाघेझरीच्या मतदान केंद्राजवळ स्फोट झाला होता. डाव्या हाताच्या बोटावरची शाई कित्येक दिवस जात नाही, आणि ती कोणाला दिसावी, कोणाला दिसू नये, याचा विचार इथं घराघरात होत आला. 2024 पर्यंत परिस्थिती पुष्कळ पालटली होती, रस्ते झाले होते, टॉवर आले होते. पण भीती रस्त्याच्या वेगानं जात नाही. आणि बहिष्काराचा निरोपही याच मुलखात गाण्यातूनच आला होता, हे विसरून चालणार नाही. माओवाद्यांच्या चेतना नाट्य मंचानं दंडकारण्यात वर्षानुवर्षं गोंडी चालींवर आपली गाणी बसवली, पायांत घुंगरू आणि हातात ढोल घेऊन गावोगाव नाचवली. ती लोकांच्या भाषेत होती म्हणूनच लोकांपर्यंत पोचली. सरकारची गाणी त्याच वेळी मराठीत आणि हिंदीत होती. ज्यानं माणसाच्या भाषेत बोलण्याची तसदी घेतली त्याचं म्हणणं ऐकलं गेलं. माओवाद्यांच्या बंदुकीला माझा विरोध आहे आणि राहील. पण हे मान्य केल्याशिवाय आपलं काय चुकत आलं ते समजणार नाही.

आमच्या गाण्यात शाईबद्दल काय म्हणायचं यावर बरीच चर्चा झाली. एकाचं म्हणणं, तो विषयच नको. मुलींनी मार्ग काढला. त्या म्हणाल्या, ही ओळ एकट्यानं म्हणायची नाही, सगळ्यांनी मिळून म्हणायची. रेलात असंच असतं. हातात हात, कंबरेला कंबर, अर्धवर्तुळ करून सगळे एकाच पायावर. त्यात पुढं कोणी नसतं, मागं कोणी नसतं. कोणी गायलं असं विचारलं तर गावानं गायलं एवढंच सांगता येतं. मी गाणं शिकलेली बाई, पण गाणं भीतीचं ओझं असं वाटून घेतं हे मला त्या अंगणात पहिल्यांदा कळलं. मतदानाला एकेकटं जाण्याऐवजी गावानं मिळून निघावं, हा निरोप त्या ओळीच्या शब्दांपेक्षा ती म्हणण्याच्या रीतीत होता.

महाराष्ट्रात राजकारण आणि गाणं यांची सोयरीक जुनीच. भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांचे पोवाडे आणि लावण्या, आमच्या विदर्भात तुकडोजी महाराजांची खंजिरी. महाराजांनी ग्रामगीतेत मतदानावरही ओव्या लिहिल्या आहेत, आणि आमच्या ब्रह्मपुरीकडच्या भजनी मंडळांत त्या अजून म्हटल्या जातात. या सगळ्यांना लोकांनी डोक्यावर घेतलं कारण गाणारा आपलंच दुखणं गात होता. सरकारी जागृतीगीतात नेमकं तेच हरवतं. गाणारा मुंबईत, ऐकणारा भामरागडात, आणि दोघांचं दुखणं वेगळं.

गाणं बाजारात मेमरी कार्डवाल्याला दिलं. त्यानं पैसे घेतले नाहीत, इतर गाण्यांत मिसळून देतो म्हणाला. तिथून ते कुठकुठं गेलं याचा हिशेब नाही. तेलंगणात मिरचीच्या रानात असलेल्या पोरांना त्यांच्या भावंडांनी ते व्हॉट्सॲपवर पाठवलं. त्यातले काही मतदानाला आले, पुष्कळ आले नाहीत. येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी मिळून जो आकडा होतो तो गाण्यानं भरून निघत नाही. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी मिळावी असा कायदा आहे, रोजंदारीवरच्या माणसालाही. पण परराज्यातल्या शेतात मुकादमामार्फत गेलेल्या पोरानं ती कोणाकडे मागायची?

मतदानाच्या आधीच्या दिवसांत हेलिकॉप्टरांच्या घिरट्या सुरू झाल्या. दूरच्या केंद्रांची पथकं हवाईदलाच्या हेलिकॉप्टरनं उतरवली जातात, पुढं चालत जातात. 19 तारखेला मी ज्या केंद्राजवळ होते तिथं सकाळी तरुण फारसे नव्हते. साडेनऊ-दहाच्या सुमाराला मोह आटोपून गावंच्या गावं आली. पुढं म्हातारे, मागं पोरं. काही मुलं आजीचा हात धरून आली होती आणि स्वतःचं नाव नसल्यानं बाहेर झाडाखाली बसली होती. गाणं म्हणणारी ती मुलगीही त्यांच्यात होती. तिची आजी मत देऊन बाहेर आली आणि बोट उंच करून सगळ्यांना दाखवत चालू लागली.

गडचिरोली-चिमूर मतदारसंघात त्या निवडणुकीत जवळजवळ 72 टक्के मतदान झालं. राज्यात सगळ्यात जास्त. दक्षिण मुंबईत ते 50 टक्क्यांच्या आसपास थांबलं. आमच्या गाण्यामुळे हे झालं असं मी म्हणणार नाही. 2019 ला गाणं नव्हतं, तरी मतदान इतकंच झालं होतं. इथला माणूस मतदानाला उदासीन कधी नव्हताच. उलट तो विचार करून मत देतो. 2014 आणि 2019 या दोन्ही लोकसभा निवडणुकांत इथं ‘नोटा’ला 24 हजारांहून जास्त मतं पडली. इतक्या लांब चालत येऊन, उन्हात उभं राहून, यापैकी कोणीच नको असं सांगून परत जाणारा मतदार जागा करावा लागत नाही. त्याला ऐकणारा माणूस लागतो. म्हणून ‘तरुणांमध्ये जागृती करा’ हे वाक्य मला इथल्यापुरतं अपुरं वाटतं. इथल्या तरुणाला हवं असतं यादीत नाव, जवळ केंद्र, बिनघोर रस्ता आणि आपल्या भाषेत नेमकी माहिती. गाणं यातलं शेवटचं काम उत्तम करतं. बाकीची तीन कामं गाण्यावर ढकलू नयेत.

त्या पावसाळ्यात, नद्यांना पूर येऊन वाट अडायच्या आत आणि ओसरल्यावर, आम्ही केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांबरोबर आश्रमशाळांत आणि गोटुलात, म्हणजे गावाच्या जमायच्या घरात, बसून मतदार नोंदणीचे अर्ज क्रमांक 6 भरले. 2022 पासून वर्षातून चार अर्हता तारखा, म्हणजे अठरा वर्षं मोजायच्या तारखा, झाल्या आहेत, 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर, आणि 17 वर्षं पूर्ण झालेल्यालाही आगाऊ अर्ज करता येतो. ही माहिती आता गाण्याचं पहिलं कडवं झाली आहे. अर्ज भरणं हे गाण्याइतकं रंगत नाही. जन्मतारखेचा दाखला एकाकडे नसतो, दुसऱ्याच्या दाखल्यावर आडनावाचं अक्षर चुकलेलं असतं, मोबाइलवर अर्ज चढवायला टेकडीवर जावं लागतं. ज्या मुलांनी गाणं म्हटलं होतं तीच मुलं यातही पुढं होती, ही गोष्ट मला गाण्याइतकीच मोलाची वाटली.

20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मतदान झालं. तेव्हा धानकापणीचे दिवस होते. तारखेची ओळ बदलली, मोहाच्या कडव्यात मुलींनी धान घातलं, आणि गाणं पुन्हा बाजारात गेलं. त्या मुलीचं नाव यादीत होतं. आजीला घेऊन ती सकाळीच केंद्रावर आली आणि तिनं मत दिलं.

आता माझी विनंती गाणी करणाऱ्यांना आणि करवून घेणाऱ्यांना आहे. माडियात करा, कोलामीत करा, कोरकूत करा, झाडीबोलीत करा, आणि जिथली भाषा तिथल्याच पोरांकडून करून घ्या. त्यांना मानधन द्या, नाव द्या. निवडणूक जाहीर व्हायची वाट पाहू नका. आणि शिक्षकांनो, तुमच्या वर्गात, वसतिगृहात, शेजारात 17 पूर्ण केलेली मुलं आत्ता बसलेली आहेत. त्यांचा अर्ज क्रमांक 6 या आठवड्यात भरून घ्या.